सत्याची किंमत कोण मोजतो?

टीव्हीवरच्या गुन्हेविषयक मालिका आपण ढीगभर पाहतो आणि त्यातल्या बहुतेक विसरून जातो. खून होतो, पोलीस येतात, दोन-तीन जणांवर उगाच संशय घेतला जातो, मग एखादे तुटलेले बटण किंवा सिगारेटचे थोटूक सापडते आणि भाग संपायच्या आत गुन्हेगार सगळे कबूल करून मोकळा होतो. पुढच्या आठवड्यात नवा मृतदेह आणि नवे बटण. या गर्दीत एखादीच मालिका अशी निघते की ती संपून वर्षे लोटली तरी तिच्यातली माणसे मनातून जात नाहीत. असे का होते, याची काही ठरलेली उत्तरे आहेत. कोणी म्हणते रहस्य जास्त अवघड होते, कोणी म्हणते अभिनय चांगला होता, कोणी खर्चाकडे बोट दाखवते, तर कोणाला हिंसा आणि शिव्या म्हणजेच वास्तव वाटते. पण अवघड रहस्याच्या कितीतरी मालिका विस्मरणात गेल्या आहेत आणि रक्ताचे पाट वाहवणाऱ्याही. या सगळ्यांखाली एक साधी कसोटी आहे, असे मला वाटते. सत्य बाहेर काढताना कोणाला काय मोजावे लागले, हे मालिका दाखवते का? रोजच्या साच्यातल्या मालिकेत सत्य फुकट मिळते. वेगळ्या मालिकेत त्याची किंमत कोणीतरी मोजते आणि ती वसूल होताना आपण पाहतो.

ही कसोटी समजून घ्यायला महानगरापेक्षा एखादे गाव जास्त उपयोगी पडते. वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यातले केनवड घ्या. सोयाबीन आणि तुरीचा हा पट्टा. समजा, अशा गावात धुऱ्याच्या भांडणातून एखाद्याचा जीव गेला, तर पुढे काय काय होईल? पहिली खबर पोलीस पाटलाकडे जाईल, कारण महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ प्रमाणे ती ठाण्याला कळवणे हे त्याचे कामच आहे. ठाणेदार आणि अंमलदार येतील, घटनास्थळाचा पंचनामा होईल. पंच म्हणून सही करणारी माणसे बहुधा जवळपासचीच असतील. सही करताना त्यांना ठाऊक असेल की आरोपीचे शेत आपल्या शेताला लागून आहे, पांदण त्याच्या वावरातून जाते आणि पेरणीला ट्रॅक्टर त्याच्याच घरचा येतो. भाऊबंदकीतला वाद असेल तर फिर्याद देणारी बाई आणि आरोपी यांचे आडनावही एकच असेल. रक्तामातीचे नमुने अमरावतीसारख्या ठिकाणच्या न्यायसहायक प्रयोगशाळेकडे जातील आणि अहवालाची वाट पाहावी लागेल. खुनासारख्या गुन्ह्यात अटकेतल्या आरोपीवर नव्वद दिवसांत दोषारोपपत्र गेले नाही तर त्याला जामीन मागण्याचा हक्क मिळतो, म्हणून तपास अधिकाऱ्याला कॅलेंडरही सांभाळावे लागेल. खटला सत्र न्यायालयात उभा राहीपर्यंत एक-दोन हंगाम निघून जातील. आणि ज्याने डोळ्यांनी पाहिले, त्याला साक्ष देऊन परत त्याच गावात, त्याच पारावर यायचे आहे.

या सगळ्यात ‘खून कोणी केला’ हा प्रश्न जवळजवळ नाहीच. ते गावाला पहिल्याच संध्याकाळी कळलेले असते. खरा प्रश्न असा की जे सगळ्यांना ठाऊक आहे ते कोण बोलेल आणि बोलल्यावर त्याचे काय होईल. हे केवळ कल्पनेतल्या गावाचे चित्र नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदवलेले आहेत. त्यांपैकी ९,९६२, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक, ‘वाद’ या कारणाखाली येतात. वैयक्तिक वैमनस्यातून झालेले ३,७६१ आणि लाभासाठी केलेले १,८८४. वारसाहक्काच्या इस्टेटीसाठी थंड डोक्याने योजना आखणारा हुशार खुनी आपल्या मालिकांचा लाडका आहे, पण प्रत्यक्षात माणसे प्रामुख्याने भांडणात मारली जातात आणि मारणारा बहुतेकदा ओळखीतला असतो. म्हणून जी मालिका सगळी शक्ती गुन्हेगाराचे नाव लपवण्यात घालवते, ती गुन्ह्यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग हाती धरून बसलेली असते.

मराठी माणसाचे या प्रकाराशी नाते जुने आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडने कितीतरी वाचक घडवले. मुंबई दूरदर्शनवर बी. पी. सिंग यांची ‘एक शून्य शून्य’ ही मराठी मालिका आली, तिच्यात शिवाजी साटम होते, आणि पुढे याच जोडीतून २१ जानेवारी १९९८ ला सोनी वाहिनीवर ‘सीआयडी’ सुरू झाली. ती २०१८ पर्यंत चालली, दीड हजारांहून जास्त भाग झाले आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा परतली. या मालिकेला हिणवणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. २००४ मध्ये तिच्या चमूने १११ मिनिटांचा एक भाग एकाच सलग चित्रणात पूर्ण केला. असे काम कारागिरीवर पकड असल्याशिवाय होत नाही. आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांनी एकत्र बसून पाहावी अशी गुन्हेकथा तिने वीस वर्षे दिली. तरीही एसीपी प्रद्युम्न, दया, अभिजित आणि डॉ. साळुंखे आपल्याला आठवतात, पण दीड हजार भागांतले मृत मात्र आठवत नाहीत. मेलेल्या माणसाचे घर नंतर कसे चालले, साक्ष देणाऱ्या नोकराची नोकरी राहिली का, हे विचारण्याची सोय त्या साच्यात नाही. प्रयोगशाळा शेजारच्या खोलीत आहे, अहवाल काही मिनिटांत येतो, दार एका धक्क्यात तुटते आणि सत्य बिनखर्चाने हाती लागते.

या साच्यातली सर्वांत मोठी सवलत म्हणजे शेवटची कबुली. पोलीस अधिकारी घटनाक्रम सांगतो, कधी एक थप्पड लगावतो आणि आरोपी घडाघडा बोलू लागतो. पडद्यावर तिथे प्रकरण संपते. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्या बोलण्याला पुरावा म्हणून किंमत नाही. १८७२ च्या साक्ष कायद्याच्या पंचविसाव्या कलमात पोलिसांपुढचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरायला मनाई होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ती मनाई तेविसाव्या कलमात कायम आहे. कबुलीतला जेवढा भाग एखादी वस्तू शोधून देतो, म्हणजे लपवलेली कुऱ्हाड किंवा रक्ताचे कपडे, तेवढाच ग्राह्य धरता येतो. तेव्हाही प्रश्न पुन्हा पंचांवर येतो, कारण ती कुऱ्हाड त्यांच्यासमोर निघाली हे त्यांनीच न्यायालयात सांगायचे असते. पंच फितूर झाले की तपासाचे किती महिने वाया जातात, हे कोणताही तपास अधिकारी सांगेल. कायद्याने ही अडचण मुद्दाम ठेवली आहे, कारण मारहाणीने मिळालेली कबुली खरी असेलच असे नाही. म्हणजे रोजच्या मालिकेत जिथे नाट्य संपते, नेमके तिथेच खरे नाट्य सुरू व्हायला हवे. ज्या लेखकाला ही गोष्ट माहीत आहे त्याला संघर्ष शोधायला दूर जावे लागत नाही. तो कायद्याच्या कलमातच दडलेला आहे.

अमेरिकेतल्या दूरचित्रवाणीने ही वाट टप्प्याटप्प्याने शोधली. १९५१ मध्ये तिथे ‘ड्रॅगनेट’ पडद्यावर आली आणि अर्ध्या तासात प्रकरण मिटवण्याचा साचा रुळला. १९८१ च्या ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ने तो मोडला. एका भागात अनेक प्रकरणे एकत्र चालू राहिली, काही पुढच्या भागात गेली, काही सुटलीच नाहीत, आणि पोलिसांची थकलेली घरेही कथेत आली. मग २००२ ते २००८ या काळात एचबीओ वाहिनीवर साठ भागांची ‘द वायर’ झाली. तिचा कर्ता डेव्हिड सायमन बाल्टिमोर शहरातला गुन्हे वार्ताहर होता आणि सहलेखक एड बर्न्स आधी पोलिसात, नंतर शाळेत शिक्षक होता. तिथे एक दूरध्वनी ऐकायचा तर आधी न्यायालयाचा आदेश मिळवावा लागतो, त्यासाठी इतर मार्ग थकले हे दाखवावे लागते, आणि संभाषण गुन्ह्याशी संबंधित नसेल तर ऐकणे थांबवावे लागते. पहिल्या पर्वाअखेर काही जणांना शिक्षा होते, पण वरिष्ठांना अडचणीत आणणाऱ्या अधिकाऱ्याची रवानगी बंदरावरच्या नावेवर होते. चौथ्या पर्वात रँडी नावाचा शाळकरी मुलगा पोलिसांशी बोलतो. तो ‘खबऱ्या’ आहे हे वस्तीत पसरते, त्याच्या घराला आग लावली जाते आणि त्याला सांभाळणारी बाई भाजते. या मुलाने काहीही चुकीचे केलेले नाही. त्याने सत्य सांगितले आणि त्याची किंमत मोजली. केनवडसारख्या गावात पंचनाम्यावर सही करताना ज्याचा हात क्षणभर थांबतो, त्याला रँडीची गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

हे सगळे बाहेरून आणावे लागेल अशी मात्र स्थिती नाही. ‘हिल स्ट्रीट ब्लूज’नंतर दोनच वर्षांनी, १९८३ मध्ये, गोविंद निहलानींचा ‘अर्धसत्य’ आला. त्याचे मूळ श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेत आणि पटकथा विजय तेंडुलकरांची. त्यातला फौजदार अनंत वेलणकर बड्या गुंडापुढे हतबल होतो आणि तो राग कोठडीतल्या एका किरकोळ चोरावर काढतो. तो माणूस मरतो. पोलिसाच्या रागाची किंमत सगळ्यात दुबळ्या माणसाने मोजली, हे त्या चित्रपटाने कोणताही आडपडदा न ठेवता दाखवले. २०१४ मध्ये चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’ने तोच धागा न्यायालयात नेला. नारायण कांबळे या लोकशाहिरावर खटला चालतो, तारखांवर तारखा पडतात, पोलिसांचा साक्षीदार इतर खटल्यांतही साक्ष देऊन आलेला निघतो. ‘कोर्ट’मध्ये खलनायक कोणीही नाही, सरकारी वकीलबाई घरी जाऊन स्वयंपाक करते, आणि तरीही एका माणसाचे आयुष्य झिजत राहते. गुन्हा, तपास आणि न्याय यांकडे इतक्या नजाकतीने पाहणारे दोन चित्रपट ज्या भाषेतून आणि ज्या मातीतून आले, तिथली दूरचित्रवाणी याच विषयात मागे का, हा प्रश्न आपण गांभीर्याने घेतला पाहिजे.

अलीकडच्या भारतीय वेबमालिकांनी हे अंतर कापायला सुरुवात केली आहे. २०१९ ची ‘दिल्ली क्राइम’ २०१२ च्या दिल्लीतल्या अत्याचार प्रकरणावर होती आणि २०२० मध्ये सर्वोत्तम नाट्यमालिकेचा आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळवणारी ती पहिली भारतीय मालिका ठरली. आरोपी कोण हे प्रेक्षकांना आधीपासून ठाऊक होते, तरी सात भाग खुर्चीला खिळवून ठेवतात, कारण ताण गुपिताचा नसून अपुऱ्या मनुष्यबळाचा, थकव्याचा आणि वरून येणाऱ्या दबावाचा आहे. २०२३ ची ‘कोहरा’ पंजाबच्या एका गावात घडते. परदेशातून लग्नासाठी आलेल्या तरुणाचा खून होतो आणि तपास जसा पुढे सरकतो तसे एकेका कुटुंबातले साचलेले मौन उघडे पडत जाते. तपास करणारा बलबीर सिंग स्वतःच्या मुलीपुढेही आरोपी आहे. ब्रिटनच्या ‘ब्रॉडचर्च’मध्ये, २०१३ साली, हीच गोष्ट आणखी टोकाला गेली होती. लहानशा किनारी गावातल्या मुलाच्या खुनाचा माग घेता घेता एली मिलर ही पोलीस अधिकारी स्वतःच्या उंबरठ्यावर येऊन पोहोचते. तिघींची पार्श्वभूमी वेगळी आहे, पण जे लक्षात राहते ते एकच: सत्य शोधणाराही त्यातून सुखरूप सुटत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की खऱ्या घटनेवर मालिका बेतली की हे सगळे आपोआप साधते. तसे होत नाही. २००३ मध्ये सुरू झालेली ‘क्राइम पेट्रोल’ खऱ्या प्रकरणांवर उभी होती. छोटी शहरे, भाड्याची घरे, हुंडा, कर्ज, संशय यांना तिने पडद्यावर जागा दिली, हे तिचे श्रेय मोठे आहे. पण निवेदक शेवटी सावध राहायला सांगतो आणि घटना धडा होऊन बंद होते. जणू सावधगिरी कमी पडली म्हणून गुन्हा घडला. आपल्या मराठीत ऑगस्ट २०२० मध्ये झी मराठीवर ‘देवमाणूस’ सुरू झाली. सातारा जिल्ह्यातल्या वाई परिसरात २०१६ मध्ये उघड झालेल्या हत्याकांडाची छाया तिच्यावर होती. गावाने डॉक्टर म्हणून ज्याच्यावर विश्वास टाकला तोच माणूस मारेकरी, ही कल्पनाच जबरदस्त होती, कारण खेड्यात विश्वास हेच भांडवल असते. किरण गायकवाड यांचा अभिनयही तसाच. पण रोज एक भाग द्यायचा म्हटल्यावर मालिकेचे लक्ष मारेकऱ्याच्या नव्या युक्त्यांकडे वळले आणि गेलेल्या माणसांची घरे मागे पडली. घटना खरी असूनही तिची किंमत पडद्यावर आली नाही. म्हणजे घटनेचे खरेपण पुरेसे नाही. तिच्या परिणामांशी प्रामाणिक राहावे लागते.

दुसरा आक्षेप पैशांचा आणि वेळेचा. वेबमालिकेला सहा-सात भागांसाठी वर्षभर मिळते, दैनंदिन मालिकेच्या लेखकाला उद्याचा प्रसंग आज लिहायचा असतो. ही अडचण खरी आहे आणि तिची जबाबदारी लेखकावर टाकणे बरोबर नाही. पण मी ज्या गोष्टी मागतो आहे त्या महाग नाहीत. पंचनाम्यावर सही करायला कचरणारा शेजारी दाखवायला हेलिकॉप्टर लागत नाही. दूरदर्शनने १९९३ मध्ये आणलेली बासू चटर्जींची ‘ब्योमकेश बक्षी’ आजच्या मानाने अगदी साध्या साधनांत झाली आणि तिच्यात खोल्या, चेहरे आणि संवाद यांवरच भर होता. तरी लोक ती अजून शोधून पाहतात. खर्च वाचवायचाच असेल तर गाड्यांचे पाठलाग वाचवावेत. वाहिनीला खरोखर द्यावा लागेल तो वेळ, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कथा संपली की थांबण्याची परवानगी.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. दिवसभर राबून आलेल्या माणसाला रात्री न्याय झालेला पाहायचा असतो. त्याच्यापुढे फितूर साक्षीदार आणि रखडलेले खटले मांडले तर त्याचा कायद्यावरचा उरलासुरला विश्वासही जाईल, असे म्हटले जाते. दिलासा मागणे हा गुन्हा नाही आणि ‘सीआयडी’सारख्या मालिकांनी तो देत राहावा. पण झटपट न्यायाच्या चित्रणाचेही परिणाम होतात. दर आठवड्याला थपडेने प्रकरण सुटताना पाहिलेल्या माणसाला कायद्याने आखलेली प्रक्रिया म्हणजे नुसती टाळाटाळ वाटू लागते. मग कोठडीतली मारहाण आणि चकमकीतला मृत्यू यांना टाळ्या पडतात, आणि वेलणकरच्या कोठडीत जो मेला तो कोण होता हे कोणी विचारत नाही. उलट, साक्षीदार का कचरतो हे समजले तर त्याला संरक्षण का हवे हेही समजते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता देऊन ती देशभर लागू केली, ती याच जाणिवेतून. नव्या फौजदारी प्रक्रियेत झडती आणि जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक झाले आहे. पंचावर पडणारा भार त्याने थोडा तरी हलका होईल. हे बदल लोकांच्या मनात रुजवण्याचे काम एखादी चांगली मालिका कोणत्याही जाहिरातीपेक्षा नीट करू शकते. अडचणी लपवून मिळवलेला विश्वास पहिल्या तारखेलाच तुटतो. अडचणी दाखवूनही उभा राहिलेला साक्षीदार जो विश्वास देतो, तो टिकतो.

म्हणून वऱ्हाडातल्या एखाद्या गावात घडणारी, वऱ्हाडी बोलीत बोलणारी, सहा-आठ भागांत संपणारी मराठी गुन्हेकथा आज लिहिली जायला हवी, असे मी आग्रहाने म्हणतो. तिच्यात खुनी पहिल्याच भागात कळला तरी चालेल. पोलीस पाटील, ठाणेदार, फिर्यादी बाई आणि दोन पंच एवढी माणसे तिला पुरतील. अट एवढीच की शेवटच्या भागात निकाल लागेल तेव्हा या पाचही जणांचे काय गेले आणि काय राहिले, हे प्रेक्षकाला ठामपणे सांगता आले पाहिजे. प्रेक्षक म्हणून आपल्या हातातही तीच मोजपट्टी आहे. पुढची मालिका संपेल तेव्हा खुनी ओळखता आला का, यापेक्षा सत्यासाठी कोणी काय मोजले, हे स्वतःला विचारावे. उत्तर ‘काहीच नाही’ असे आले, तर त्या मालिकेने आपले मनोरंजन केले, पण गुन्हा म्हणजे काय हे सांगितले नाही.